न झालेल्या अपघाताचा पंचनामा

"मॅडम, मुहूर्त टळतोय," इंगळेसाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले. ओठ हसरे, पण शब्द दातांतून काढलेले. मंडपातल्या लोकांना वाटावं, साहेब काहीतरी गमतीचं सांगतायत.

मंडप सूतगिरणीच्या आवारात घातला होता. पुढच्या ओळीत संचालक मंडळ, सगळ्यांच्या डोक्यांवर एकाच रंगाचे फेटे. चेअरमनच्या हातात सोललेला नारळ. मागं सभासद, त्यांच्या बायका, पोरंबाळं आणि एका कडेला बँडवाले. आणि या सगळ्यांच्या समोर नवा बॉयलर, झेंडूच्या माळा घालून नवरदेवासारखा सजवलेला. लाकडी ठोकळ्यांची एक उतरती वाट केली होती, तिच्यावर लोखंडी पाइप आडवे टाकले होते आणि त्या पाइपांवर हे धूड बसलं होतं. ते वाटेवरून सरकवत शेडमधल्या ओट्यावर न्यायचं, एवढंच काम. नारळ फुटला की पहिली ओढ, असं ठरलेलं. मुहूर्त गुरुजींनी काढून दिला होता, आणि सूतगिरणीत मुहूर्ताला जेवढा मान तेवढा बॉयलरलाही नव्हता.

ती साइट माझी होती. आमची कंपनी अवजड यंत्रं हलवून जागेवर बसवायची कामं घ्यायची. मालक इंगळेसाहेब, आणि मी साइट इंजिनिअर. या धंद्यात बाई म्हणजे दुर्मीळ चीज. कंपनीत तरी मी एकटीच होते. ऑफिसातले लोक मला मॅडम म्हणत, गँगमधले लोक बाई म्हणत, आणि गिऱ्हाईक पहिल्या भेटीत "इंजिनिअर कुठायत?" असं विचारत. त्याची सवय झाली होती.

"थोडं थांबा साहेब," मी म्हणाले. "अजून आवाज घ्यायचाय."

आवाज घेणं ही आमच्या गँगची जुनी रीत. असलं धूड उतारावर सोडताना पुढून एक दोर ओढतो, मागून दुसरा धरून ठेवतो आणि दोन्ही अंगांना माणसं पहारी घेऊन उभी असतात. त्यातला एक जरी बेसावध असला तरी सगळ्यांचा घात. म्हणून मुकादम एकेकाच्या नावानं हाळी देतो आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं आपल्या जागेवरून "हाय!" म्हणायचं. शेवटी मुकादमाचं नाव मी घ्यायची. मुकादम "हाय" म्हणाला की माझा हात खाली, आणि मग ओढ. कुणाला काही खटकलं तर त्यानं नुसतं "राहू दे" म्हणायचं. कारण विचारायचं नाही, आधी थांबायचं.

आमचा मुकादम इलाही मुजावर. सगळे त्याला मामा म्हणत, मीही. वय पन्नाशीच्या पुढं, दाढी मेंदीनं रंगवलेली आणि आवाज असा की, गिरणीचा भोंगा बंद पडला तरी चाललं असतं. हाळी देता देता तो जागच्या जागी ओळी जुळवायचा. मालकाच्या पोटावर, चेअरमनच्या फेट्यावर, कधी माझ्या स्कूटरवर. माणसं हसत हसत जोर लावायची.

त्या दिवशी त्यानं सगळ्यांची नावं घेतली. सगळ्यांचे आवाज आले. ओळ मात्र त्यानं एकही जुळवली नाही. समोर एवढे फेटे बसलेले असताना!

"इलाहीमामा!" मी हाळी दिली.

मामा बोलला नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा हाक मारली. त्यानं माझ्याकडं न बघता बॉयलरकडं पाहिलं, मग मागच्या दोराकडं, मग पुन्हा बॉयलरकडं. नुसती मान हलवली.

माझा हात वर होता. तो खाली आला की काम सुरू. इंगळेसाहेब मागून म्हणाले, "करा, करा, करा."

"राहू दे," मी म्हणाले.

चेअरमनना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी घड्याळ पाहून नारळ फोडला. नारळ फुटला म्हणून बँड वाजायला लागला, बँड वाजला म्हणून टाळ्या पडल्या. सगळं झालं, फक्त बॉयलर जागचा हलला नाही. टाळ्या हळूहळू विरल्या. बँडवाल्यांना बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नाही, ते बराच वेळ वाजवत राहिले.

इंगळेसाहेब मला खेचल्यासारखे बाजूला घेऊन गेले. "काय दिसलं तुम्हाला?"

"दिसलं काही नाही."

"मग?"

"मला खात्री वाटत नाही साहेब. सगळं सैल करून एकदा पुन्हा बघू या."

"खात्री वाटत नाही?" त्यांनी ते शब्द असे उच्चारले, जणू मी शिवी दिली. "अख्ख्या गावासमोर इंजिनिअर सांगतोय खात्री वाटत नाही? काहीतरी कारण सांगा. दोर झिजलाय म्हणा. उन्हानं तापलाय म्हणा. काहीही म्हणा."

तेवढ्यात चेअरमन स्वतःच उठून आले. फेटा सावरत त्यांनी विचारलं, "काय बाई, काय अडचण?"

खोटं बोलणं सोपं होतं. साहेबांनी तर ते आयतं हातात दिलं होतं. पण दोर चांगला होता, आणि तो ज्यांनी बांधला ती माणसं दोन हातांवर उभी होती. त्यांच्यावर खापर कसं फोडायचं?

"अडचण अशी नाही," मी म्हणाले. "पण माझी खात्री होत नाहीये. आज ओढणार नाही."

"अहो, तुमची खात्री नाही तर आम्ही कुणाच्या भरवशावर बॉयलर घेतला?" चेअरमन म्हणाले आणि पुढची ओळ खदखदून हसली. मागच्या ओळींनी पुढची हसली म्हणून हसून घेतलं.

लोक म्हणतात, बाई घाबरली. घाबरले होतेच. बॉयलर घसरेल ही भीती एकीकडं, आणि आता माझी नोकरी जाणार ही दुसरीकडं. दोन्ही भीती घेऊन मी तिथं उभी राहिले होते, त्याला काय म्हणायचं ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पण त्याला भित्रेपणा म्हणत नाहीत एवढं नक्की.

दुपारभर आम्ही सगळं तपासलं. दोर, आकडे, ठोकळे, पाइप, ज्या खांबाला मागचा दोर अडकवला होता तो खांबसुद्धा. माझा मदतनीस तुषार बेनाडे पोटावर सरपटत बॉयलरखाली जाऊन आला. नवीनच पास होऊन आलेला, चुणचुणीत पोरगा. बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाला, "मॅडम, काहीच नाहीये."

काहीच नव्हतं. आम्ही सगळं सोडून पुन्हा बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जीपमध्ये बसून राहायला सांगण्यात आलं. ओढ तुषारनं दिली. बॉयलर लोण्यातून सुरी जावी तसा ओट्यावर जाऊन बसला. चेअरमननी तुषारच्या पाठीवर थाप मारली.

आदल्या दिवशी ओढला असता तर काय झालं असतं? कदाचित हेच. कदाचित दुसरं काही. बांधलेलं सोडून पुन्हा बांधताना एखादी गाठ नीट बसली असेल, एखादा ठोकळा बोटभर सरकला असेल. किंवा नसेलही. अपघात झाला तर पोलीस येतात, पंच येतात, जागेचं माप घेतात. न झालेल्या अपघाताचा पंचनामा होत नाही.

*

इंगळेसाहेबांच्या केबिनमध्ये सिंहाचं एक मोठं चित्र होतं. वर्षभरापूर्वी ते महाबळेश्वरच्या एका हॉटेलात नेतृत्वाचं शिबिर करून आले, तेव्हापासून ते तिथं होतं. शिबिरात त्यांना निखाऱ्यांवरून चालवलं होतं. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तळपाय दाखवायचेच तेवढे बाकी ठेवायचे.

"बसा," ते म्हणाले. तुषार आणि इलाहीमामा आधीच तिथं उभे होते. मी बसले, ते दोघं उभेच राहिले.

"मॅडम, तुमचं काम चोख आहे. हिशेबात, ड्रॉइंगमध्ये कुणी तुमचा हात धरणार नाही. पण साइट म्हणजे वेगळी गोष्ट. साइटवर माणसं तुमच्या तोंडाकडं बघतात. तुमच्या तोंडावर शंका दिसली की संपलं. शंका सगळ्यांनाच येते हो, मला काय येत नाही? पण झाकली मूठ सव्वा लाखाची. लीडरनं मूठ उघडायची नसते."

"मूठ झाकून बॉयलर थांबत नाही साहेब."

"थांबवायचा कशाला? तोच तर मुद्दा." ते मामाकडं वळले. "इलाही, तू सांग. एवढी वर्षं काढलीस या धंद्यात. त्या दिवशी काही गडबड होती?"

मी मामाकडं पाहिलं. त्यानं आता तोंड उघडलं तर माझी साइट वाचणार होती. त्यानं नुसतं "मला बी जरा वाटलं" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मामा आपल्या चपलांकडं बघत होता. "न्हाई साहेब. समदं ठीक व्हतं."

"बघा," साहेब म्हणाले.

त्या दिवसापासून साइट तुषारकडं गेली आणि मी ऑफिसात टेबलावर आले. कोटेशनं टाइप करायची, फोन घ्यायचे, गिऱ्हाइकाला चहा सांगायचा. पगार तोच राहिला, म्हणून बाहेरच्या लोकांना वाटायचं, बरं झालं, उन्हातान्हातून सुटली. मला मात्र पहिले काही दिवस ऑफिसच्या जिन्यावर पाय ठेवताना रडू यायचं. ते मी कुणाला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर साहेबांना आणखी एक पुरावा मिळाला असता.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं त्या संध्याकाळी गेटपाशी मामा माझी वाट बघत थांबला होता.

"बाई, माफ करा."

"मामा, तुम्हाला काय दिसलं होतं?"

"दिसलं काय बी न्हाई. मन घेत न्हवतं, एवढंच. आता मन घेत न्हाई, असं साहेबाला सांगायचं कसं? सिंहाच्या फोटूखाली उभं ऱ्हाऊन?"

"मला तरी सांगायचं होतंत."

"तुमास्नी सांगितलंच की," मामा म्हणाला. "गप बसलो न्हवं का. माज्या गप बसण्याला थांबणारं दुसरं हाय कोण?"

घरी पोरीचं लग्न काढलेला माणूस होता तो. मला त्याचा राग आला नाही. वाईट वाटलं, आणि वाईट वाटणं रागापेक्षा जास्त टिकतं.

*

तुषार महिन्याभरात बदलला. आधी गॉगल आला, मग आवाज. हा पोरगा एरवी बोलायचा हळू, कुणाचं वाक्य तोडायचा नाही. आता तो ऑफिसात शिरला की जिन्यातून कळायचं. साहेबांनी त्यालाही निखाऱ्यांवरून चालवून आणला.

एकदा तो माझ्या टेबलापाशी ड्रॉइंग न्यायला आला. मी विचारलं, "आवाज घेतोस ना रे?"

"आता नाही घेत मॅडम," तो म्हणाला. "साहेब म्हणतात, शाळेतली हजेरी आहे का? गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही. मी सरळ शिट्टी मारतो."

"आणि कुणी राहू दे म्हणालं तर?"

"कुणी म्हणत नाही," तो म्हणाला. मग जाता जाता थांबला. "तुम्ही गेल्यापासून कुणीच म्हटलेलं नाही."

कामं भराभर व्हायला लागली. साहेब खूश, गिऱ्हाईक खूश. मामा पगाराच्या दिवशी ऑफिसात यायचा, सही करायचा, माझ्याकडं बघून हसायचा आणि निघून जायचा. ओळी जुळवणं बंद झालं होतं, असं गँगमधला कुणीतरी म्हणाला. शिट्टीवर ओळी कशा जुळवणार?

वर्ष होत आलं असताना एक फोन आला. मीच उचलला, कारण फोन उचलणं हे माझंच काम होतं. राज्याच्या सीमेजवळच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मर उतरवताना तो वाटेवरून घसरला होता. मागचा दोर ज्याला अडकवला होता तो आकडाच उपटून आला. बाकीची माणसं उड्या मारून बाजूला झाली. इलाहीमामा उताराच्या अंगाला होता. त्याला जागाच मिळाली नाही.

पलीकडचा माणूस दोनदा विचारत होता, "ऐकताय ना मॅडम?" मी ऐकत होते.

*

तिसऱ्या दिवशी मी मामाच्या गावी गेले. शिरोळकडचं लहानसं गाव, गल्लीच्या तोंडाशी मशीद, तिच्या मागं मामाचं घर. आत बायका बसल्या होत्या. मामीनं मला जवळ बसवून घेतलं आणि माझा हात धरून ठेवला.

"घरात शिरला की वरडायचा बघा," ती म्हणाली. "च्या टाक गं, पाणी आण गं. शेजारचीबी दचकायची. ह्या वर्सात कसला आवाजच न्हवता. कवा आला, कवा जेवला, कळायचं न्हाई. मी इचारायची, काय झालंय? तर म्हणायचा, बोलून कुणाचं भलं झालंय?"

मला तिथं बसवेना. बाहेर आले तर पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर तुषार बसलेला. गॉगल नव्हता. आत जायचं धाडस झालं नव्हतं त्याला. सकाळपासून तिथंच होता म्हणे.

मी शेजारी बसले. तो हौदातल्या पाण्याकडं बघत होता.

"मला वाटलं होतं, मॅडम," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"शिट्टी मारायच्या आधी मी सगळीकडं बघतो. तेवढं तुमचं सोडलं नव्हतं. मामांकडं बघितलं, तर ते त्या आकड्याकडं बघत होते. मग माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मला कळलं. म्हणजे काय ते कळलं नाही, पण काहीतरी आहे हे कळलं." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "शिट्टी तोंडातच होती. कारखान्याचे साहेब मागं उभे होते. मला नुसतं राहू दे म्हणायचं होतं."

गल्लीतून कुणीतरी गेलं, ते पुढं जाईपर्यंत तो थांबला.

"आणि तुमचं टेबल माझ्या डोळ्यांसमोर आलं," तुषार म्हणाला. "खरं सांगतो. दुसरं काही नाही. ते टेबल, तो फोन आणि तुम्ही चहा सांगताय. आणि मी शिट्टी मारली. साहेबांनी तुम्हाला साइटवरून काढलं तेव्हा तुम्हाला एकटीला नाही काढलं मॅडम. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो."

त्याला काय सांगायचं? तुझा दोष नाही म्हणायचं, तर आत मामी बसली होती. दोष आहे म्हणायचं, तर हा पोरगा पंचविशीचाही नव्हता. मला नुसता राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

तेवढ्यात ते कळलं. गल्लीच्या तोंडाशी इंगळेसाहेबांची गाडी थांबली. साहेब पांढऱ्या कपड्यांत उतरले, आत जाऊन आले, मामीपुढं हात जोडले, चार शब्द बोलले. बाहेर येऊन त्यांनी मला बाजूला बोलावलं. तुषारकडं पाहिलंसुद्धा नाही.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. खरंच म्हणाले, डोळे ओले होते. माणूस दुष्ट नव्हता. "पोराकडं साइट दिली ही माझी चूक. ऐन वेळी डगमगला. कारखान्याचे लोक सांगतात, मारायच्या आधी शिट्टी तोंडात धरून नुसता उभा राहिला म्हणे. कॉन्फिडन्स नाही. तिथंच घात झाला."

"डगमगला म्हणून नाही साहेब. डगमगला असून तसं म्हणाला नाही, म्हणून."

त्यांनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ते गाडीकडं बघत होते. "साइटला खमका माणूस पाहिजे. घट्ट काळजाचा. तुमच्या बघण्यात कुणी आहे का?"

"मी आहे," मी म्हणाले. "मला साइटवर परत पाठवा. आवाज घेऊनच काम करीन, आणि शंका आली तर थांबवीन. समोर कुणीही बसलेलं असो."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. हसले नाहीत, ती जागा हसण्याची नव्हती. माझ्याबद्दल वाईट वाटल्यासारखं त्यांनी खांदे पाडले.

"बघू," ते म्हणाले.

आपल्याकडं बघू म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात पुण्याहून एक दणदणीत आवाजाचे गृहस्थ आले. मी तेव्हा राजीनामा देऊन मोकळी झाले होते. या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. मी पुन्हा साइट केल्या, दुसऱ्या कंपनीत, आवाज घेऊन. कित्येकदा हात वर करून थांबवलंही. दर वेळी लोक चिडले, आणि दर वेळी तपासल्यावर हाती काही लागलंच असं नाही.

पण त्या दिवशी साहेबांची गाडी निघून गेल्यावर मी तुषारला म्हणाले, "ऊठ. आत जाऊन मामीला भेट. मी येते बरोबर."

तो गेला. मामीनं त्याला पाणी दिलं. त्यानं ते घेतलं, पण त्याला पिता येईना. नंतर मी त्याला स्कूटरवर मागं बसवून इचलकरंजीला त्याच्या घरी सोडायला निघाले. दोन्ही बाजूंना ऊस होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वाटभर तो माझ्या पाठीशी एकच विचारत होता.

"मी राहू दे म्हटलं असतं तर, मॅडम?"

शेवटी मी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि मागं न वळता सांगितलं.

"तर आज तू माझ्या शेजारच्या टेबलावर असतास. साहेब तुला भित्रा म्हणाले असते, गँग हसली असती. मामा वाचला असता. आणि आपण वाचलो, हे त्याला स्वतःलासुद्धा कधी कळलं नसतं."

तुषार रडायला लागला. त्याचं रडून होईपर्यंत मी तशीच बसून राहिले, मग गाडी सुरू केली.